यंत्राला मोर माहीत नसतो

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, पुठ्ठे कापायचे. डिझाईनवाला चौकटींच्या कागदावर मोर रंगवून आणायचा. वडील त्यातली एकेक आडवी ओळ वाचायचे आणि तिच्यासाठी एकेक पुठ्ठा पंच करायचे. चौकट भरलेली असेल तर भोक, कोरी असेल तर काही नाही. असे शेकडो पुठ्ठे दोरीनं एकमेकांना जोडून लांबलचक माळ व्हायची, ती मागावर चढायची आणि मग खटखट खटखट करत चादरीवर मोर उतरायचा. आमच्या घरात तेलुगू आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या, पण ही भोकांची भाषा दोन्हींपेक्षा सोपी. तिच्यात दोनच अक्षरं.

मी पुढं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आता पुठ्ठ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड येतायत, ती दुरुस्त करत मी फिरतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी टीव्हीवर रात्रंदिवस ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चालू होती, तेव्हा अकरावीतला भाचा कारखान्यात येऊन बसायचा. "मामा, त्या ड्रोनला कसं कळतंय ओ कुठं जायचं ते? आणि आपल्या लोकांना कसं कळालं ते यायलेत म्हणून?" टीव्हीवरचे तज्ज्ञ नावं भरपूर घेत होते, उत्तर काही देत नव्हते. मग मी त्याला मागापासूनच सांगायला सुरुवात केली. इथंही तसंच करतो.

जेकार्डमध्ये पुठ्ठा सुयांच्या रांगेवर येऊन टेकतो. समोर भोक असेल तर सुई आत शिरते, तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. त्याच्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर जातो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, आकडा पट्टीच्या वाटेतून बाजूला होतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो, पुढचा पुठ्ठा येतो. बस, एवढंच. मागाला मोर माहीत नसतो. त्याला फक्त 'आहे' आणि 'नाही' कळतं.

फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जोसेफ मारी जकार्डनं ही जोडणी १८०४ च्या सुमारास बसवली. भोकांत माहिती साठवायची ही कल्पना पुढं कापडाच्या बाहेर पडली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथनं माणसांची मोजदाद भोकं पाडलेल्या कार्डांवर केली. आणि दुसऱ्या महायुद्धात ही कार्डं तोफखान्यापर्यंत पोचली.

तोफेचं दुखणं असं आहे की गोळा सरळ जात नाही. किती कोनात नळी उचलायची हे अंतरावर तर अवलंबून आहेच, शिवाय वाऱ्यावर, हवेच्या तापमानावर, हवेच्या दाटीवर, गोळ्याच्या वजनावर आणि दारूच्या भरण्यावरही. रणांगणात हे गणित मांडत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून आधीच तक्ते बनवून ठेवतात. महायुद्धात नवनवीन तोफा आल्या आणि प्रत्येकीला हजारो मार्गांचा तक्ता हवा झाला. एका गोळ्याचा मार्ग हातानं, म्हणजे टेबलावरचं गणकयंत्र घेऊन काढायला एका माणसाला वीसेक तास लागत. 'माणसाला' म्हटलं खरं, पण ते काम बहुतांशी बायका करत, आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. यंत्राला ते नाव नंतर मिळालं.

हे काम उरकायला अमेरिकन लष्करानं १९४३ मध्ये फिलाडेल्फियात एनिॲक नावाचं यंत्र बांधायला पैसे दिले. सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, वजन ३० टनांच्या घरात. वीस तासांचं गणित ते ३० सेकंदांत करायचं, म्हणजे गोळा हवेत असतो जवळपास तेवढ्याच वेळात. तयार होईतो महायुद्ध संपलं, ही वेगळी गंमत. त्याच्यात माहिती भरायची ती भोकं पाडलेल्या कार्डांनीच. वडिलांना मी हे एकदा सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "मजुरी काय द्यायचे?"

आता हेच गणित उलटं करा. गोळा तुम्ही मारलेला नाही, तुमच्यावर येतोय. कुठून आला हे शोधायचंय.

त्यासाठी आधी रडार. रडार आवाज टाकतं आणि प्रतिध्वनी ऐकतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. ३० किलोमीटरवरच्या वस्तूला धडकून ती परत यायला सेकंदाचा पाच-हजारावा भाग लागतो. घड्याळ एका मायक्रोसेकंदानं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तर अंतर दीडशे मीटरनं चुकतं. त्यामुळं रडारचा अँटेना कितीही मोठा दिसला तरी त्याचा जीव घड्याळात असतो.

येणारा गोळा रडारला वर चढताना सापडतो. त्याच्या वाटेवरचे काही बिंदू मिळाले की उरलेला वक्र संगणक काढतो: मागं ओढला तर तोफेची जागा, पुढं ओढला तर गोळा पडायची जागा. गोळा अजून हवेत असतानाच उत्तर तयार. कारगिलमध्ये १९९९ साली आपल्याकडे तोफा हुडकणारं असं रडार नव्हतं, आणि तिथं शत्रूच्या तोफमाऱ्यानं आपलं फार नुकसान केलं. वर त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळं गोळा मैदानापेक्षा लांब जातो आणि सपाटीचे तक्ते जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. पुढं डीआरडीओ आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सनं मिळून 'स्वाती' हे रडार बनवलं, ते आज लष्कराकडे आहे. एनिॲक करायचं ते गणित आता एका ट्रकवर मावतं, आणि दोन्ही दिशांनी चालतं.

इथपर्यंत भाचा खूश होता. यंत्र हुशार, माणूस सुटला. म्हणून त्याला मी पेट्रियटची गोष्ट सांगितली.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या धहरान इथं अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं आणि २८ जण गेले. तिथं स्कड पाडण्यासाठीच पेट्रियट यंत्रणा लावलेली होती. चालू होती, बिघडलेली नव्हती. तरी तिनं एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही.

कारण ऐकलं तर हसावं की रडावं कळत नाही. त्या संगणकाचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं: एक, दोन, तीन... सेकंद हवे असले की त्या आकड्याला एक-दशांशानं गुणायचं. आता आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहायला बसा. ०.३३३३... संपतच नाही, कुठंतरी पेन थांबवावं लागतं. भोक आणि कोरं या दोनच अक्षरांत एक-दशांश लिहायला बसलात की नेमकं हेच होतं, तोही कधीच संपत नाही. पेट्रियटच्या संगणकात त्याला २४ घरं दिलेली होती. पंचविसाव्या घरापासून पुढचं सगळं कापलं. चूक किती? दर दहाव्या भागामागं सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही थोडी कमी.

पण ती यंत्रणा १०० तास बंदच केली नव्हती. शंभर तासांत दहावे भाग होतात ३६ लाख. क्षुल्लक चूक ३६ लाख वेळा साठली आणि घड्याळ ०.३४ सेकंदानं सरकलं. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं येतं. रडारनं ते एकदा पाहिलं, संगणकानं पुढच्या क्षणी ते कुठं दिसायला हवं याचा अंदाज काढला आणि रडारला तिथंच बघायला लावलं. अंदाज अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकला होता. त्या जागी काहीच नव्हतं, म्हणून संगणकानं ठरवलं की पहिला ठिपका खोटा होता. क्षेपणास्त्र बाजूनं निघून गेलं.

याहून जास्त टोचणारा भाग पुढं आहे. पेट्रियट मुळात युरोपात विमानं पाडायला बनवलेलं, जागा बदलत फिरणारं. ते सलग काही तासांपेक्षा जास्त चालेल असं कुणी धरलंच नव्हतं. इस्रायलनं दोन आठवडे आधीच कळवलं होतं की आठ तासांतच अंदाज सरकायला लागतो. त्यावरून तुकड्यांना सूचना गेली की यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका. फार वेळ म्हणजे किती, ते लिहिलंच नव्हतं. बंद करून चालू केली असती तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम धहरानला पोचला २६ तारखेला. दुसऱ्या दिवशी.

आमच्या धंद्यात हे ओळखीचं आहे. पुठ्ठा एक घर सरकून कापला तर पहिल्या वितीत कळत नाही. मोराची मान वाकडी झालेली दिसते तेव्हा अर्धी चादर विणून झालेली असते.

भाच्याचा मूळ प्रश्न होता ड्रोनला वाट कशी कळते. बहुतेक वेळा उपग्रहांवरून, तुमच्या मोबाईलला कळते तशीच. जीपीएस हे अमेरिकन लष्करानं १९७३ मध्ये हाती घेतलेलं काम. त्याचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटरवरून सतत एकच गोष्ट ओरडत असतात: मी अमुक, आणि आत्ता इतके वाजले. ते ऐकू यायला किती उशीर लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं, आणि चार उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा सापडते. चौथा कशाला, तर आपल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. उपग्रहावर अणुघड्याळ असतं. तिथं एका मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे जमिनीवर तीनशे मीटर. आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात उभा असलेला भक्त नकाशावर तलावात, नाहीतर पार भुईकोट किल्ल्यात दिसेल.

आपली स्वतःची अशी व्यवस्था म्हणजे नाविक. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, आणि पुढं त्याचीच अणुघड्याळं बंद पडली. ती परदेशी बनावटीची होती. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्याच उपग्रहावर पहिल्यांदा इस्रोनं स्वतः केलेलं रुबिडियम घड्याळ बसलं. वर्तमानपत्रांत बातमी रॉकेटची होती. मला विचाराल तर बातमी घड्याळाची होती.

उपग्रहाचा हा आवाज जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की भोवतालच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली बुडालेला असतो. मग ऐकू येतो कसा? गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांचा, भोंग्यांचा, पिपाण्यांचा एवढा कल्लोळ असतो, तरी आईला आपल्या पोराची हाक ओळखू येते, कारण ती हाक तिच्या कानात आधीच बसलेली असते. जीपीएसचा नागरी सिग्नल हा १०२३ खुणांचा एक ठरलेला नमुना असतो, तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येतो. चादरीच्या काठावरची नक्षी येते तशी. मोबाईलकडे तो नमुना आधीच असतो, तो आलेल्या गोंगाटावर ठेवून सरकवत राहतो आणि जिथं नक्षी नक्षीवर बसते तिथं हाक सापडते.

शत्रूला यात दोन गोष्टी करता येतात. एक, जत्रेत आईच्या कानाशीच भोंगा लावायचा. याला जॅमिंग म्हणतात, आणि सिग्नल मुळातच इतका दुबळा की त्याला फार ताकद लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त कपटी: पोराच्या आवाजात आपणच हाक मारायची. नागरी नमुना जगजाहीर आहे, त्यामुळं नक्कल करता येते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांना आपण जमिनीवर, एका विमानतळावर असल्याचं दिसायला लागलं. यंत्र बिघडलं असतं तर कप्तानाला निदान संशय आला असता; इथं यंत्र ठणठणीत होतं आणि आत्मविश्वासानं खोटं सांगत होतं. म्हणून लष्करी सिग्नलचा नमुना कुलूपबंद असतो. किल्ली नसलेल्याला त्याची नक्कल करता येत नाही. मात्र भोंगा लावणं त्याच्याही बाबतीत शक्य असतंच, अवघड असलं तरी.

बिनतारी बोलणं चालू ठेवायचं आणि भोंग्यालाही चुकवायचं, यावरचा एक उपाय ज्यांनी पेटंट केला ती जोडी ऐकून भाच्याला खोटंच वाटलं: हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल. पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओनं दिशा द्यायची तर शत्रू ती फ्रिक्वेन्सी शोधून जॅम करणार. मग एका फ्रिक्वेन्सीवर थांबायचंच नाही, सारखी उडी मारायची. पण उडी कुठं मारायची हे पाठवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच वेळी कळायला हवं. त्यांनी दोन्हीकडे सारखीच भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी ठेवायचं सुचवलं, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून फ्रिक्वेन्सीही ८८. पेटंट मिळालं ऑगस्ट १९४२ मध्ये. नौदलानं ते बाजूला ठेवलं. आज लष्करी रेडिओ सेकंदाला शंभराहून जास्त उड्या मारतात, कागदाच्या गुंडाळीऐवजी दोन्हीकडे सारखी गुप्त किल्ली असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वडिलांचीच पुठ्ठ्यांची माळ येते, एक माळ या मागावर, तशीच दुसरी त्या मागावर, दोन्हीकडे एकाच क्षणी तोच मोर.

थोडं सुट्या भागांबद्दल. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला आणि वर सुताचा भुसा साठला की इलेक्ट्रॉनिक जेकार्डचं बोर्ड गचकतं, आणि मला फोन येतो. साधी चिप साधारण ७० अंशांपर्यंतची असते. लष्करी दर्जाची चिप उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत चालायला हवी, कारण तीच सियाचीनला जाते आणि तीच जैसलमेरला. त्यामुळं लष्करी उपकरणांतल्या चिप्स पुष्कळदा तुमच्या मोबाईलपेक्षा जुन्या आणि हळू असतात. नवं म्हणजे चांगलं, हे तिथं चालत नाही.

आता दुसरा प्रश्न: ते येतायत हे आपल्याला कसं कळलं? भारत सरकारनं सांगितलं त्यानुसार ८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, आणि त्यामागचा एक हेतू आपली हवाई संरक्षण व्यवस्था चाचपून बघण्याचा असावा. चाचपणी म्हणजे काय, तर रडार लावणं हे अंधारात बॅटरी लावण्यासारखं आहे. तुम्हाला समोरचा दिसतो, पण तुम्ही कुठं उभे आहात हे त्याला त्याच्या आधी कळतं. स्वस्तातला ड्रोन पुढं सोडायचा, बॅटऱ्या कुठं कुठं पेटतात ते टिपून घ्यायचं. शिवाय अशा स्वस्त ड्रोनवर समोरच्यानं महागडं क्षेपणास्त्र उडवलं तर तो फायदा वेगळाच.

यावर उत्तर म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी बॅटरी लावायची नाही. एकानं बघायचं, दुसऱ्यानं मारायचं. पण त्यासाठी सगळ्यांचं चित्र एक हवं. तीन रडारांना एकच विमान दिसलं तर पडद्यावर तीन ठिपके येतात, प्रत्येकाची जागा थोडी वेगळी, वेळ थोडी वेगळी. हे तिन्ही एकच आहेत की खरोखर तीन आहेत, हे ठरवणं यातलं खरं अवघड काम. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं लष्करासाठी बनवलेली आकाशतीर प्रणाली हेच करते. तिचा १,९८२ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला होता. वायुदलाची अशीच स्वतःची व्यवस्था आहे, आणि दोन्ही एकमेकींशी बोलतात.

ठिपका कुणाचा, हा प्रश्न तरीही उरतोच. आपली विमानं विचारलेल्या सांकेतिक प्रश्नाला सांकेतिक उत्तर देतात. उत्तर आलं तर आपला. उत्तर नाही आलं तर? तर शत्रू, असं नाही. तर फक्त 'उत्तर नाही आलं'. हे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि घाईत ते एक होतात. २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही आपली मोठी चूक होती, हे वायुदलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. कोऱ्या पुठ्ठ्याचा अर्थ माग लावत नाही, माणूस लावतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग रेडिओच नको की मामा. वायरच लावायची सरळ."

त्याला वाटलं मी हसेन. पण युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून नेमकं तेच चाललंय. जॅमिंग इतकं वाढलं की ड्रोनला मागं काचेचा धागा बांधून सोडायला लागले. केसासारखा बारीक ऑप्टिकल फायबर, दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर लांब. त्यातून प्रकाशानं चित्र येतं आणि हुकूम जातो. हवेत रेडिओ नाही म्हणजे जॅम करायला काही नाही, आणि लांबून ऐकायलाही काही नाही. शेतांवर, झाडांवर त्या धाग्यांची जाळी पसरलीय.

"तुटत कसं नाही ओ?" त्यानं विचारलं. "एवढं लांब ओढत न्यायलंय ते."

मी फळीवरचा जुना धोटा काढून त्याच्या हातात दिला. आत कांडी तशीच होती, थोडं सूतही होतं. सुताचं टोक मी टेबलाला दाबून धरलं आणि म्हटलं, आता पळव. त्यानं धोटा टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेला. सूत कांडीवरून सुटत मागं पडत गेलं, ताण कुठंच आला नाही. धागा ओढला जातच नाही. गुंडाळी ड्रोनच्या पोटात असते, जमिनीवर नाही. ड्रोन पुढं जातो आणि धागा होता तिथंच ठेवत जातो.

त्यानं धोटा उलटा आणला. सूत सैल पडून गुंतलं.

"परत येता येत नसेल मग," तो म्हणाला.

"बहुतेकांना यायचंच नसतं," मी म्हटलं, आणि गुंता सोडवायला घेतला.